पाण्याच्या मापाने

जळगावजवळच्या एका जिनिंगसाठी आम्ही वजनकाट्याचं सॉफ्टवेअर करत होतो. दर दोन आठवड्यांनी नवी आवृत्ती आणि डेमो, हा आमचा शिरस्ता. ऐन नोव्हेंबरात फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, आणि आम्ही आवृत्ती बदलली. काटा अडला. शेतकरी रात्रीपर्यंत ताटकळले. कोडमधली चूक तासाभरात सापडली. पण मूळ चूक ही की, पद्धत त्या कामाला बेतलेलीच नव्हती.

हा घोळ जुना आहे. १९७० साली विन्स्टन रॉइस यांनी मोठ्या सॉफ्टवेअर प्रकल्पांवर निबंध लिहिला. त्यात एकाखाली एक पायऱ्यांची आकृती होती आणि अशी सरळ उतरण धोक्याची आहे, हा इशाराही होता. लोकांनी आकृती उचलली, इशारा मागे राहिला. पुढे अमेरिकी संरक्षण खात्याने १९८५ मध्ये २१६७ क्रमांकाचं मानक आणलं. १९८८ च्या सुधारित मानकात तर, प्रकल्पाला गैरलागू अटी गाळाव्यात, असं सांगितलेलंच होतं. पण अट गाळली आणि बिघडलं तर दोष आपला. ठेवली आणि बिघडलं तर मानकाचा. मग गाळणार कोण?

आमच्या धुळ्यात पांझरेकाठी हे धाडस शेतकरी करत आले. तिथली फड पद्धत तीनशेहून अधिक वर्षं जुनी मानतात. बंधाऱ्याखालची जमीन तीन-चार फडांत वाटलेली. एका फडात एकच पीक. कोणत्या फडात काय घ्यायचं आणि कोणता पडीत ठेवायचा, हे पाणी पाहून ठरे. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या. पाट साफ करायला सगळ्यांनी यायचं.

म्हणजे पीक बदले, भिजणारं क्षेत्र बदले. पाटाची सफाई आणि पाण्याची शिस्त मात्र सुटत नसे. बेतणं म्हणजे मनाला येईल ते कापणं नव्हे. आधी पाणी किती ते मोजायचं, मग काय सोडायचं ते सगळ्यांसमोर ठरवायचं. दोष आला तर तोही सगळ्यांचा.

पुढच्या हंगामाआधी आम्ही जिनिंगवाल्यांसोबत बसलो. दिवाळीपासून आवक ओसरेपर्यंत नवी आवृत्ती बंद. डेमोऐवजी आमच्यातला एक जण काट्याशेजारी उभा. चाचणी आणि जुन्या आवृत्तीवर परतायची सोय, या दोन गोष्टी मात्र कायम. बैठकीत काय गाळलं आणि का, हे एका पानावर लिहून खाली दोघांनी सह्या केल्या.