गावरान अंड्याचा रंग आणि 'शुद्ध जात' नावाची कल्पना

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस कोंबड्यांवर काय बोलणार, असा प्रश्न काहींच्या चेहऱ्यावर दिसतोय. कारण साधं आहे. 'जात' हा शब्द माणसाला लावला की आपण सावध होतो; कोंबडीला लावला की अजिबात होत नाही. 'अस्सल गावरान', 'शुद्ध जातीची' या शब्दांवर जुन्नर-आंबेगावच्या बाजारात रोज पैसे मिळतात, आणि बुडतातही. तेव्हा या शब्दांचा इतिहास बघायला हवा.

मंचरहून घोडेगाव, डिंभे करत भीमाशंकरकडे चढायला लागलात की पहाटे रानातून कोंबड्यासारखी, पण तुटक बांग ऐकू येते. हा राखाडी रानकोंबडा. पिएर सोनेरा या फ्रेंच निसर्ग-अभ्यासकावरून त्याचं शास्त्रीय नाव 'गॅलस सोनेराटी' असं पडलं. मानेच्या पिसांवर मेणाचे थेंब पडावेत तसे चकचकीत ठिपके असतात. या पिसांना युरोपात मोठी मागणी होती, आणि कशासाठी? तर मासे फसवायला गळावर बांधतात त्या खोट्या माश्या करण्यासाठी! सह्याद्रीतलं पाखरू मारायचं आणि स्कॉटलंडच्या नदीत मासा धरायचा.

आता गंमत बघा. डार्विनने १८६८ साली पाळीव प्राणी आणि वनस्पतींवरचा दोन खंडांचा ग्रंथ काढला. कलकत्त्याच्या एडवर्ड ब्लाइथने पुरवलेली माहिती त्याच्या हाताशी होती. सगळ्या पाळीव कोंबड्या एकट्या लाल रानकोंबड्यापासून आल्या, असा त्याने निष्कर्ष काढला. तो बराचसा बरोबर ठरला. पण २००८ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं, की पाळीव कोंबडीच्या पिवळ्या कातडीचं जनुक लाल रानकोंबड्याकडून आलेलं नाही, ते या राखाडी भावाकडून आलं आहे. म्हणजे पिवळ्या पायांची कुठलीही 'शुद्ध' विलायती कोंबडी घ्या, तिच्यात सरमिसळ आहेच. लाल रानकोंबडा आपल्या घाटात सापडत नाही, इथे राखाडीच. पाळीव कोंबडी या मुलखात बाहेरून आली आणि तिला इथे चुलत घराणं भेटलं, असं म्हणा हवं तर.

घरची कोंबडी कशी निवडली जायची? डार्विनने निवडीचे दोन प्रकार सांगितले. एक ठरवून केलेली, दुसरी नकळत होणारी. घाटातल्या महादेव कोळी, ठाकर घरांतली निवड दुसऱ्या प्रकारची. म्हातारी कुठली कोंबडी ठेवते? जी नीट खुडूक बसते, पिल्लं सांभाळते, घार दिसली की ओरडून पिल्लं पंखाखाली घेते, ती. बाकीची पाहुण्याला किंवा बाजाराला. पांढरं पिल्लू वरून चटकन दिसतं. तपकिरी, ठिपक्यांचं पाचोळ्यात लपतं. तिथे निवड घार करते. कोंबड्याच्या रंगाचं वेगळंच. देवाला कुठल्या रंगाचा चालतो, उतरून टाकायला उलट्या पिसांची काळी कोंबडीच हवी की काय, हे देवऋषी ठरवणार. आणि देवाच्या नावाने राखलेला देखणा कोंबडा जत्रेपर्यंत गावभर हिंडणार, म्हणजे तेवढ्या महिन्यांत निम्म्या आळीचा बाप तोच होणार. पिसांच्या रंगावर श्रद्धेचा हात असतो तो असा. याची नोंदवही कोणी ठेवली नाही, पण निवड शतकानुशतकं चालू होती.

नोंदवही आली इंग्लंडातून. १८४०च्या दशकात चीनमधून मोठाल्या कोंबड्या व्हिक्टोरिया राणीकडे पोचल्या आणि तिथल्या लोकांना कोंबड्यांचं वेड लागलं. १८४५ साली लंडनला प्रदर्शन भरलं. १८६५ साली जातींची मानकं छापली गेली: तुरा असा, पीस असं, डोळा असा. 'शुद्ध जात' या कल्पनेचा हा जन्म. तिचं वय दोनशे वर्षंही नाही. 'ब्रह्मा' नावाची जात घ्या. नाव आपल्या ब्रह्मपुत्रेचं, घडवली अमेरिकेत, तीही चिनी आणि चितगावच्या कोंबड्यांच्या संकरातून. आधी मिसळायचं, मग दार बंद करायचं आणि आतल्यांना शुद्ध म्हणायचं. तर्कशास्त्राच्या वर्गात हे उदाहरण मला फार उपयोगी पडलं असतं!

गडद अंड्याची गोष्ट फ्रान्समधल्या मारां गावची. ला रोशेल बंदराजवळचं हे गाव. खलाशांबरोबर आलेले झुंजीचे कोंबडे गावठी कोंबड्यांत मिसळले, पुढे चिनी लांगशान आली, आणि चॉकलेटी रंगाचं अंडं देणारी कोंबडी तयार झाली. काळं अंग आणि मानेवर तांब्याची झळाळी, हा तिचा सर्वांत नावाजलेला रंग. अंड्याच्या रंगासाठी एक ते नऊ अशी पट्टी केली. चारच्या खाली रंग गेला तर ती मारां मानायचीच नाही.

हा रंग येतो कुठून? अंडं तयार व्हायला साधारण एक दिवस लागतो. त्यातले वीसेक तास ते कवच चढण्याच्या जागी असतं. तपकिरी रंगाचा बराचसा भाग अगदी शेवटच्या तासांत वरून चढतो. रंगद्रव्याचं नाव प्रोटोपॉर्फिरिन, आपल्या रक्तातल्या लाल द्रव्याचं नात्यातलं. गडद अंडं ताजं, ओलं असताना खरवडलं तर रंग निघूनही येतो. हंगामाची पहिली अंडी सर्वांत गडद. पुढे रंग उतरत जातो. आजारी पडली, घाबरली, तरी उतरतो. शिवाय हा गुण एका जनुकाचा नाही, अनेकांचा आहे. आणि खरी अडचण कोंबड्याची! तो अर्धा वारसा देतो, पण स्वतः अंडं घालत नाही. त्याची पारख त्याच्या आईच्या अंड्यावरून किंवा मुलींच्या अंड्यावरून करायची, म्हणजे वर्षभर थांबायचं. पिसं पाहून कोंबडा निवडला तर अंड्याचा रंग हातचा जातो, आणि अंडं बघून निवडला तर पिसं बिघडतात. थोड्याच पक्ष्यांत हे करत राहिलात तर नात्यात नातं होतं आणि पिल्लं निघणं कमी होतं.

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर व्हाइट लेगहॉर्न आणि ऱ्होड आयलंड रेड सरकारी केंद्रांतून गावात आल्या. पुण्याजवळ खडकीला अंडी उबवणी केंद्र आहे ते तुम्हाला ठाऊक असेल. लेगहॉर्नचं अंडं पांढरं, ऱ्होडचं तपकिरी. गावठी कोंबड्यांवर ऱ्होडचे नर सोडायचे, ही सुधारणेची रीत होती. १९७१ साली बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज काढली, १९८२ साली अंडी समन्वय समिती झाली, पिंजऱ्यातलं पांढरं अंडं घरोघर गेलं. मग पांढरं म्हणजे कारखान्याचं आणि तपकिरी म्हणजे गावरान, असं समीकरण शहरी डोक्यात बसलं. ते चूक आहे. पिंजऱ्यातल्या संकरित कोंबड्याही तपकिरी अंडी देतात, भरपूर देतात. खऱ्या गावठी कोंबडीचं अंडं लहान, मलईसारखं किंवा फिकट तपकिरी. एकाच डालग्यातल्या दोन कोंबड्यांचं सारखं नसतं. रंगाने पोषण बदलत नाही. पांढरी अंडी चहाच्या पाण्यात रंगवल्याच्या बातम्या येतात, त्या या समीकरणामुळेच.

कडकनाथचंही तेच. झाबुआची ही कोंबडी; २०१८ साली तिच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं. कातडी काळी, मांस काळपट, पण अंडं काळं नसतं, फिकटच असतं. २०१९ साली सांगली जिल्ह्यात इस्लामपूरकडे कडकनाथच्या योजनेत हजारो शेतकऱ्यांचे पैसे अडकले. तिथे पक्षी विकला जात नव्हता, 'दुर्मीळ जात' हे शब्द विकले जात होते.

कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेकडे देशी कोंबड्यांची जी यादी आहे, तिच्यात नंदुरबारकडची 'बुसरा' आहे. जुन्नर-आंबेगावच्या कोंबडीला तिथे स्वतःचं नाव नाही. नाव द्यावं का? दिलं तर संशोधनाला पैसा मिळेल, भावही मिळेल. पण नावाबरोबर मानक येईल, एकच पीस, एकच रंग ठरेल, आणि घारीने, घाटाने, म्हातारीने राखलेली विविधता 'अशुद्ध' म्हणून बाहेर पडेल. माझं मत विचाराल तर अंगणातली खुडूक कोंबडी आधी टिकू द्या. मानमोडी, म्हणजे राणीखेत, एका आठवड्यात खुराडं रिकामं करते, आणि ते खुराडं बहुतेक घरांत बाईच्या हातचा एकमेव रोख पैसा असतं. लस स्वस्त आहे, पण एका कुपीत बऱ्याच कोंबड्यांचे डोस असतात आणि ती थंड ठेवावी लागते. पाच कोंबड्यांच्या घराला ती एकट्याने परवडत नाही. दहा घरांनी एक दिवस ठरवून ती आणावी, आणि दर दोन वर्षांनी शेजारच्या वाडीशी कोंबडे बदलून घ्यावेत. अंडं कुठल्या रंगाचं निघतं, ते मग बघता येईल.