फादरांना कोण सांगतं?

जून उजाडला की आपल्या शाळेच्या सूचना फलकावर वर्षभराच्या सुट्ट्यांची यादी लागायची, आठवतंय ना? त्या यादीत नाताळ पंचवीस डिसेंबरला ठाण मांडून बसलेला असे. गुड फ्रायडे मात्र कधी मार्चच्या शेवटी, कधी एप्रिलच्या मध्यावर. आपली शाळा वसईतली, निम्मा वर्ग रविवारी चर्चला जाणारा. तेव्हा बाकावर शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीलाच मी विचारलं, "ईस्टर कधी, हे तुम्हाला कळतं कसं?"

"फादर सांगतात."

"आणि फादरांना कोण सांगतं?"

"बिशप."

"आणि बिशपांना?"

तेवढ्यात इतिहासाचे सर वर्गात आले आणि प्रश्न तिथेच राहिला. स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला, तेव्हा वाटलं की तीस वर्षं थकलेलं हे उत्तर आता देऊन टाकावं. सर, उशिराबद्दल क्षमस्व.

मला त्या प्रश्नात एवढा रस का होता, हेही सांगते. आमच्या घरी टिळक पंचांग. काही वर्षी त्याचा अधिक महिना इतरांच्या पंचांगाशी जुळत नाही आणि मग सगळे सण महिनाभर पुढे-मागे होतात. आपण आठवीत होतो तेव्हा, १९९३ साली, तसंच झालं. तुमच्याकडे अधिक भाद्रपद चालू असताना ऑगस्टमध्येच आमच्या घरी गणपती येऊन गेला. मी डब्यात मोदक आणले, तर वर्गात हशा! "यांचा गणपती एक्सप्रेसने आला," असं कोण म्हणालं होतं ते मला पक्कं आठवतंय, नाव लिहीत नाही. सप्टेंबरमध्ये सगळ्या गावात आरत्या सुरू झाल्या तेव्हा आमचा देव्हारा नेहमीसारखाच होता. त्या वर्षी अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, म्हणून ते साल तुमच्याही लक्षात असेल. माझ्या लक्षात आहे ते मोदकांमुळेही. सगळे सण करत नसताना आपण करायचा आणि सगळे करत असताना आपण नाही, हे तेराव्या वर्षी फार लागतं.

आता थेट इजिप्तला जाऊ. चौथ्या शतकातल्या एका बिशपला नेमकं हेच लागलं होतं.

ईस्टरचा ढोबळ नियम असा: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची आणि तिच्या पुढचा रविवार घ्यायचा. पौर्णिमा रविवारीच आली तर त्याच्या पुढचा. इ. स. ३२५ मध्ये नायसियाच्या धर्मपरिषदेत सगळ्या चर्चनी एकाच दिवशी सण करावा असं ठरलं. पण ठरणं वेगळं आणि गावोगावच्या धर्मगुरूंपर्यंत तारीख पोहोचणं वेगळं. शिवाय ही तारीख सण तोंडावर आल्यावर कळून उपयोगाची नव्हती. ईस्टरच्या आधी उपवासकाळ, त्याच्या शेवटी पवित्र आठवडा. त्या काळी नव्या माणसांना बाप्तिस्मा देण्याची मुख्य वेळ म्हणजे ईस्टरची रात्र. त्यासाठी नावं आधी नोंदवायची, आठवडेच्या आठवडे शिकवणी घ्यायची. जेरुसलेममध्ये खुद्द बिशप उपवासकाळात रोज सकाळी बसून शिकवत, असं तिथे गेलेल्या एजेरिया नावाच्या यात्रेकरू बाईने लिहून ठेवलं आहे. म्हणजे आधी शेवटची तारीख ठरवायची आणि तिथून उलटं मोजत मागे यायचं. आमच्या धंद्यात प्रकल्पाचं वेळापत्रक असंच आखतात, फक्त आमची शेवटची तारीख सरकते.

खगोल आणि गणित यांत नाव होतं अलेक्झांड्रियाचं. तेव्हा तिथल्या बिशपने दरवर्षी एक पत्र काढायचं, अशी प्रथा पडली. तिसऱ्या शतकातल्या डायोनिशियसपासून अशा पत्रांची माहिती मिळते. त्यांना 'सणाची पत्रं' म्हणतात. इजिप्तभरच्या चर्चना आणि मठांना ती जात आणि तिथे मोठ्याने वाचली जात. उपवास कधी सुरू करायचा, पवित्र आठवडा कधी, ईस्टर कधी हे त्यात असेच. शिवाय लोकांची मनं सणासाठी कशी तयार करायची याचा उपदेशही असे. तारीख पत्राच्या शेवटी येई. पुढची ओळ ऐकायला लोक थांबावेत म्हणून की काय, देव जाणे.

या पत्रांचा सगळ्यात नावाजलेला लेखक अथानेशियस. तो ३२८ मध्ये अलेक्झांड्रियाचा बिशप झाला आणि ३७३ मध्ये वारला. मधल्या काळात पाच वेळा त्याला पद सोडून जावं लागलं, मिळून सतराएक वर्षं. गादीवर असो वा नसो, सणाचं पत्र मात्र जमेल तसं काढायचाच. ३४५ आणि ३४६ ची पत्रं अगदी चिठ्ठीएवढी आहेत. परदेशातून अलेक्झांड्रियातल्या धर्मगुरूंना आणि डीकनना लिहिलेली, मुद्दा फक्त एक: ईस्टर अमुक दिवशी, आजूबाजूच्यांना कळवा. ३६७ च्या पत्रात नव्या करारातल्या सत्तावीस पुस्तकांची यादी आहे. आज बायबलमध्ये आहेत तीच नेमकी सत्तावीस पुस्तकं असलेली, हाती लागलेली सर्वांत जुनी यादी म्हणून ते पत्र ओळखलं जातं. सणाच्या परिपत्रकात एवढी मोठी गोष्ट सांगून टाकली!

पण मला ज्या पत्राने खिळवून ठेवलं ते साधारण ३४० चं आहे. अथानेशियस तेव्हा रोममध्ये परागंदा होता. पहिल्या पत्रात, म्हणजे ३२९ साली, त्याने फक्त ईस्टरच्या आठवड्यातला सहा दिवसांचा उपवास सांगितला होता. दुसऱ्याच वर्षी चाळीस दिवसांचा उल्लेख आला. इजिप्तच्या लोकांनी ते फारसं मनावर घेतलं नसावं. रोममध्ये आल्यावर त्याने पाहिलं की इथे सगळे चाळीस दिवस पाळतात. मग त्याने थ्मुइसचा बिशप सेरापियन याला पत्र लिहिलं. सेरापियनने आपल्या बांधवांना चाळीस दिवसांचा उपवास जाहीर करावा, समजावून सांगावा. कारण अवघं जग उपास करत असताना आपण इजिप्तवालेच तेवढे खात-पीत राहिलो, तर लोक आपल्याला हसतील.

हसतील! साम्राज्याशी भांडून पाच वेळा हद्दपार झालेला माणूस, आणि धर्मगुरूला सण कसा करायचा हे सांगताना त्याच्या तोंडी हा शब्द येतो. मी ते वाचलं आणि मला मोदकांचा डबा आठवला.

सगळी पत्रं मुकाट्याने वाचली गेली असं मात्र नाही. ३९९ मध्ये थिओफिलस या बिशपने पत्रात सणाच्या निमित्ताने लिहिलं की देवाला माणसासारखं शरीर आहे ही कल्पना चूक आहे. स्केतिसच्या वाळवंटातल्या मठांमध्ये गदारोळ झाला. तिथे राहिलेला कासियन सांगतो की चारपैकी एकाच धर्मगुरूने, पाफ्नुशियसने, आपल्या मंडळींपुढे ते वाचू दिलं, बाकीच्यांनी चक्क नकार दिला. पुढे एका वृद्ध संन्याशाची समजूत घातली गेली. तो प्रार्थनेला उभा राहिला आणि रडू लागला, माझा देव यांनी नेला, आता मी कुणापुढे हात जोडू? या म्हाताऱ्याचंही नाव सेरापियनच, पण हा वेगळा. वरून आलेलं पत्र लोकांपुढे वाचायचं काम ज्याच्या गळ्यात पडतं, त्याला त्या डोळ्यांकडे बघून वाचावं लागतं. पत्र लिहिणाऱ्याला ते दिसत नाहीत.

इटलीतही घोळ होत. ३८७ मध्ये हिशेबाची पौर्णिमा नेमकी रविवारी, १८ एप्रिलला येत होती. मिलानचा बिशप अँब्रोज याने आसपासच्या एमिलिया प्रांतातल्या बिशपांना सविस्तर पत्र लिहून समजावलं की सण पुढच्या रविवारी, २५ एप्रिलला का करायचा. त्याच ईस्टरच्या रात्री मिलानमध्ये त्याने ज्यांना बाप्तिस्मा दिला त्यांत एक ऑगस्टीन होता.

हे सगळं ज्या आकड्यांवर उभं आहे ते आपल्याला परके नाहीत. १९ सौर वर्षांत जवळपास बरोब्बर २३५ चांद्रमास बसतात. १९ ला १२ ने गुणा, २२८ होतात, उरले सात. हे सात म्हणजे आपले अधिक महिने. (बाई, गुणाकार तोंडी केलाय.) १९९३ साली आमचा गणपती महिनाभर आधी आला, तसाच तो बरोबर १९ वर्षांनी, २०१२ मध्ये पुन्हा आला. अलेक्झांड्रियाची कोष्टकं याच १९ वर्षांच्या चक्रावर बेतलेली होती. ५२५ मध्ये रोममधल्या डायोनिशियस एक्झिगुअसने ५३२ पासूनच्या ९५ वर्षांची कोष्टकं तयार केली आणि ती करता करता ख्रिस्तजन्मापासून वर्षं मोजायची पद्धत घातली. तुमच्या-माझ्या दाखल्यावरची जन्मसालं या ईस्टरच्या तक्त्यातून आलेली आहेत.

कोष्टक जवळ नसलेल्या गावच्या धर्मगुरूने काय करायचं? ७२५ मध्ये इंग्लंडमधल्या बीड या संन्याशाने कालगणनेवर ग्रंथ लिहिला. त्यात उपाय आहे: डाव्या हाताची पेरं चौदा आणि नखं पाच, मिळून एकोणीस. चक्रातलं वर्ष त्यावर मोजा. माझी आजी पेरांवर जप मोजायची, त्यामुळे हे वाचताना मला तिचाच हात दिसला.

बीडने लिहिलेल्या इतिहासात एका घराची गोष्ट आहे. सातव्या शतकातल्या नॉर्थम्ब्रियाचा राजा ओस्विउ आयर्लंडकडून आलेल्या हिशेबाने चाले. राणी एनफ्लेड केंटमध्ये वाढलेली, ती आणि तिचा धर्मगुरू रोमच्या हिशेबाने. परिणाम असा की कधी कधी राजाचा उपास संपून ईस्टरची मेजवानी चालू असे आणि राणीकडे झावळ्यांचा रविवार, म्हणजे अजून आठवडाभर उपास. एकाच राजवाड्यात! शेवटी ६६४ मध्ये व्हिटबीला, हिल्डा या मठाधिपती बाईंच्या मठात सभा भरली. आयरिश बाजूने कोलमन बोलला, रोमच्या बाजूने विल्फ्रिड. राजाने विचारलं, स्वर्गाच्या किल्ल्या कुणाकडे? दोघंही म्हणाले, पीटरकडे. मग मी द्वारपालाशी वाकडं घेणार नाही, म्हणाला राजा, आणि रोमचा हिशेब मान्य झाला. कोलमन आपली माणसं घेऊन निघून गेला. त्याने आयुष्यभर ज्या तारखेसाठी लोकांना तयार केलं होतं, ती एका संध्याकाळी चुकीची ठरली. शाळेच्या पुस्तकात असती तर ही सभा 'महत्त्वाचे निर्णय' या मथळ्याखाली दोन ओळींत संपली असती. मला त्या परत जाणाऱ्या होडीतल्या माणसांबद्दल जास्त वाटतं.

१५८२ मध्ये दिनदर्शिकेची दुरुस्ती झाली, ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर आला. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चनी ईस्टरचा जुनाच हिशेब ठेवला. इथे माझी स्वतःची फजिती सांगायला हवी. २०१३ मध्ये मी एका युरोपीय ग्राहकासाठी कर्मचाऱ्यांच्या पाळ्या लावणारी प्रणाली लिहीत होते. ईस्टर काढायचं सूत्र बसवलं, तपासलं, खूश झाले. सूत्राने उत्तर दिलं ३१ मार्च. ग्रीसमधल्या कार्यालयात मात्र ईस्टर होता ५ मेला. तिथल्या लोकांना भलत्याच शुक्रवारी सुट्टी मिळाली आणि त्यांच्या खऱ्या पवित्र शुक्रवारी सगळ्यांच्या पाळ्या लागल्या. तिकडून आलेल्या पत्रात राग होताच, पण एक ओळ अशी होती की आमच्या आईला काय सांगायचं. टिळक पंचांगाच्या घरात वाढलेल्या मुलीने ही चूक करावी! गाउससारख्या गणित्याच्या १८०० सालच्या ईस्टर सूत्रातही चूक होती, ती त्याने १८१६ मध्ये सुधारली, एवढाच काय तो दिलासा.

आणखी एक गंमत. चर्चची पौर्णिमा ही कोष्टकातली असते, आकाशातली नाही. २०१९ ची होळी २० मार्चला होती, धुळवडीच्या सकाळी चंद्र पूर्ण झाला होता आणि वसंतसंपात आदल्या रात्रीच होऊन गेला होता. आकाश बघून ठरवलं असतं तर ईस्टर २४ मार्चला आला असता. कोष्टकाप्रमाणे तो २१ एप्रिलला झाला आणि जगभरच्या धर्मगुरूंनी तसाच जाहीर केला. कारण आकाश प्रत्येक गावात वेगळं दिसू शकतं, ढगाळही असू शकतं. कोष्टक सगळ्यांच्या हाती एकच असतं.

परवा मी त्या बाकावरच्या मैत्रिणीला फोन केला. आता ती तिच्या धर्मग्रामात मुलांना धर्मशिक्षण देते. म्हटलं, तुझ्या फादरांना कोण सांगतं याचं उत्तर सापडलं. सगळं ऐकून घेतलं तिने. मग म्हणाली, या वर्षी ५ एप्रिलला आहे, गेल्या वर्षीच्या झावळ्या राखेच्या बुधवारसाठी गोळा करून जाळायच्या आहेत, मुलं आणायला विसरतात. आणि तुमच्या टिळक पंचांगाचा गणपती यंदा कधी?

मी पेरं मोजायला घेतली.