युद्धाची गोळी, शिकारीची रायफल

महायुद्धे संपली आणि अमेरिकेत लष्कराची शिल्लक काडतुसे स्वस्तात मिळू लागली. ‘थर्टी-ऑट-सिक्स’ हे लष्कराने १९०६ साली स्वीकारलेले काडतूस शिकारीच्या नव्या रायफलींतही चाले. मग महागडी काडतुसे घ्यायचीच कशाला?

पण अडचणी दोन होत्या. जुन्या काडतुसाच्या टोपीतल्या रसायनाचा क्षार नळीत राही आणि ओलावा ओढून घेई. नळी पाण्याने धुतली नाही तर ती गंजलीच म्हणून समजा.

दुसरी अडचण खुद्द गोळीची. कोलकात्याजवळच्या डमडम कारखान्यात १८९०च्या दशकात शरीरात शिरल्यावर फुलणारी गोळी तयार झाली. ती अमानुष ठरली आणि १८९९ साली हेग परिषदेत युद्धात तिच्यावर बंदी आली. अमेरिकेने त्या ठरावावर सही केली नाही, तरी तिची लष्करी गोळीही धातूच्या पूर्ण कवचाचीच राहिली. अशी गोळी हरणातून बहुधा आरपार जाते. जखमी जनावर रानात पळते आणि तडफडत मरते. म्हणूनच तिथल्या अनेक राज्यांत मोठ्या शिकारीसाठी फुलणारीच गोळी लागते.

रणांगणावर जी क्रूर ठरली, तीच रानात दयेची ठरली. स्वस्त काडतुसाची खरी किंमत जनावर मोजत होते.