पिंजऱ्यातला वंश आणि नदीतला वंश

अटलांटिक सॅमन हा मासा नदीच्या गोड्या पाण्यात जन्मतो, काही वर्षे तेथे काढून समुद्रात उतरतो, तेथील मुबलक खाद्यावर झपाट्याने वाढतो आणि अंडी घालण्यासाठी बहुधा आपल्या जन्मनदीतच परततो. परतीच्या या सवयीमुळे नॉर्वेच्या किनाऱ्याला मिळणाऱ्या शेकडो नद्यांत, हिमयुग ओसरल्यानंतरच्या हजारो वर्षांत, त्या त्या पाण्याच्या तापमानाशी, प्रवाहाशी आणि रोगजंतूंशी जुळलेले वेगवेगळे वंश घडत गेले. विसाव्या शतकाच्या सातव्या दशकापर्यंत या नद्यांतला सॅमन संवर्धित, म्हणजे मत्स्यशेतीत वाढलेला, की वन्य, असा प्रश्न उद्भवण्याचे कारणच नव्हते. तो प्रश्न पुढील अवघ्या दोन दशकांत उभा राहिला आणि त्याचे उत्तर शोधता शोधता प्रश्नाचेच स्वरूप पालटले, हे या इतिहासाचे वैशिष्ट्य आहे.

या ओळखीचे सर्वांत मोलाचे साधन मत्स्यशेतीपेक्षाही जुने निघाले. विसाव्या शतकाच्या आरंभी माशाचे वय त्याच्या खवल्यांवरून ठरवण्याची पद्धत युरोपात रूढ झाली आणि नॉर्वेत क्नुट डाल या प्राणिशास्त्रज्ञाने १९१० मध्ये सॅमन व ट्राउट यांच्या खवल्यांवर आधारलेला ग्रंथ प्रसिद्ध करून तिला भक्कम पाया दिला. झाडाच्या खोडात जशी वर्षावर्षाची वलये उमटतात तशी ती खवल्यावरही उमटतात. हिवाळ्यात मंदावलेल्या वाढीची वलये दाट, तर समुद्रातील भरघोस वाढीची वलये विरळ दिसतात. त्यामुळे गळाला लागलेल्या माशाचे चार खवले काढून ते कागदी पाकिटात वाळवायचे आणि पाकिटावर नदीचे नाव, तारीख, लांबी व वजन लिहायचे, अशी रीत पडली. ही पाकिटे जपणाऱ्यांच्या मनात केवळ वयमापन होते. त्या वाळक्या खवल्यांना चिकटलेल्या पेशींत माशाची आनुवंशिक माहितीही जपली जात होती, याची कल्पना त्या काळी कोणालाच असणे शक्य नव्हते.

मत्स्यशेतीचा खरा आरंभ सामान्यतः १९७० पासून धरला जातो. त्या वर्षी हित्रा बेटावर ओवे आणि सिव्हर्ट ग्रोन्टवेट या भावांनी समुद्रात तरंगत्या अष्टकोनी चौकटीला जाळे लावून त्यात सॅमनची पिल्ले सोडली आणि ती यशस्वीपणे वाढवून दाखवली. त्याच सुमारास गोपैदाशीच्या क्षेत्रातून आलेले हाराल्ड शेर्वोल आणि त्यांचे सहकारी त्रिग्वे येद्रेम यांनी सुन्दाल्सोरा येथील संशोधन केंद्रात निवड-पैदाशीचा कार्यक्रम हाती घेतला आणि १९७१ पासूनच्या चार वर्षांत सुमारे चाळीस नद्यांतील सॅमनची अंडी गोळा केली. एकेका उत्तम माशाची निवड करण्याऐवजी शेकडो कुटुंबे वेगवेगळी वाढवायची, त्या कुटुंबांची सरासरी ताडून पाहायची आणि सरस कुटुंबांतूनच पुढच्या पिढीचे आईबाप निवडायचे, ही गुरांच्या पैदाशीत सिद्ध झालेली रीत त्यांनी माशांना लागू केली. सॅमनची पिढी चार वर्षांची असल्यामुळे वर्षागणिक एक अशा चार स्वतंत्र मालिका चालवाव्या लागल्या. आधी वाढीच्या वेगासाठी आणि पुढे उशिरा वयात येणे, रोगप्रतिकार व मांसाचा रंग यांसाठी निवड होत गेली.

या पैदाशीतून दोन प्रकारचे आनुवंशिक बदल घडले. पहिला हेतुपुरस्सर होता: पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीनंतर उबवणकेंद्राच्या टाकीत एकत्र वाढवलेल्या माशांपैकी संवर्धित मासे वन्य माशांच्या दुपटीहून अधिक वजनाचे भरू लागले. दुसरा बदल कोणी योजलेला नव्हता. आईबापांची संख्या मर्यादित असली की जनुकांची काही पर्यायी रूपे केवळ योगायोगाने विरळ होतात, तर काही वाढतात. या प्रक्रियेला जनुकीय विचलन म्हणतात. संवर्धित वंशाची ओळख पटवण्यासाठी पुढे हेतुपूर्वक घडलेल्या बदलाइतकेच हे अहेतुक बदलही उपयोगी पडले.

वादळात पिंजरे फुटू लागले, जाळी फाटू लागली आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात नद्यांमध्ये निसटलेले सॅमन मोठ्या संख्येने दिसू लागले. आरंभी त्यांची ओळख बाह्य लक्षणांवरून केली जाई. दाटीवाटीत वाढल्याने झिजलेले पर, आखूड व स्थूल शरीर आणि कल्ल्यांच्या झाकणांवरील व्यंगे ही डोळ्यांना दिसत. खवल्यांवर गोड्या व खाऱ्या पाण्यातील वाढीची सीमारेषा पुसट आढळे. तर मांसाला रंग यावा म्हणून खाद्यात घातलेली रंगद्रव्ये मादीच्या अंड्यांत उतरत असल्याने नदीच्या तळातील अंडी तपासूनही आईचे मूळ कळू शके. तथापि या साऱ्या लक्षणांवर त्या माशाच्या स्वतःच्या आयुष्याचा ठसा असे, त्याच्या वंशाचा नव्हे. निसटलेल्या मादीने नदीत अंडी घातली की त्यांतून निघालेल्या पिल्लाचे पर झिजलेले नसत, खवल्यांवरील वलये नदीतल्या माशासारखीच असत आणि त्याच्या शरीरात कृत्रिम रंगद्रव्याचा मागमूसही नसे. म्हणजे खरी चिंता ज्या पिढीची होती, तिच्याबाबतीतच बाह्य परीक्षा निरुपयोगी ठरत होती.

त्यामुळे संशोधकांना आनुवंशिकतेकडे वळावे लागले. प्रथम वापरात आली ती विद्युत्‌संचारण पद्धती, जिच्यात माशाच्या ऊतींतील विकरे विद्युत्‌प्रवाहाच्या साहाय्याने जेलमधून सरकवतात आणि त्यांच्या सरकण्यातील फरकावरून जनुकांची रूपे ताडतात. अशा खुणांनी ओळख पटवता येईल असे संवर्धित व वन्य मासे नॉर्वेतील इम्सा नदीत एकत्र सोडून केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००० मध्ये प्रसिद्ध झाले. संवर्धित माशांचे आयुष्यभराचे प्रजननयश वन्य माशांच्या केवळ १६ टक्के आढळले. मात्र त्यांच्या पिल्लांशी झालेल्या स्पर्धेमुळे नदीच्या मूळ वंशाची उत्पादकताही ३० टक्क्यांहून अधिक घटली. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील बरिशूल खोऱ्यात डीएनए चाचणीने पिल्लांचे आईबाप निश्चित करून दोन पिढ्यांचा अभ्यास झाला. त्याच्या २००३ मधील निष्कर्षांनुसार संवर्धित माशांचे आयुष्यभराचे यश वन्य माशांच्या अवघे २ टक्के होते आणि संकरित पिल्ले या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी येत होती. नदीत जलद वाढणारी ही पिल्ले वन्य पिल्लांना त्यांच्या जागेवरून हुसकावीत, पण समुद्रातून परतणारी त्यांच्यातली फारच थोडी असत.

१९९० च्या दशकात मायक्रोसॅटेलाइट नावाच्या खुणा हाताशी आल्या. डीएनएच्या साखळीत काही ठिकाणी दोन-चार अक्षरांचा तोच तुकडा ओळीने अनेकदा येतो आणि त्याच्या पुनरावृत्तींची संख्या माशामाशात निराळी असते. एका पिंजऱ्यातील मासे बहुधा मोजक्याच कुटुंबांतून आलेले असल्याने प्रत्येक पिंजऱ्याचा असा एक नमुना जुळून येतो. याचा आधार घेऊन बर्गन येथील सागरी संशोधन संस्थेने २००६ मध्ये एक न्यायवैद्यक पद्धत प्रचारात आणली. कोणी न कळवलेली गळती उघडकीस आली की मत्स्यव्यवसाय संचालनालयाने निसटलेले मासे पकडायचे, आसपासच्या सर्व पिंजऱ्यांतील नमुने घ्यायचे आणि संस्थेने त्यांची तुलना करून संभाव्य उगम सांगायचा. अशा पुराव्याने कंपन्यांना दंड झाले आणि गळती दडवणे पूर्वीइतके सोपे राहिले नाही.

परंतु मासा कोणत्या पिंजऱ्यातून आला हे ठरवणे आणि एखाद्या नदीच्या वंशात पिंजऱ्यातील वंश किती मिसळला हे ठरवणे, या दोन भिन्न गोष्टी होत्या. संवर्धित सॅमन वन्य सॅमनपासून फुटून जेमतेम दहा पिढ्या झाल्या असल्याने केवळ एकाच गटात आढळेल असे एकही जनुक नव्हते आणि नद्यांचे वंशही आपापसात वेगळेच होते. ही कोंडी २०११ मध्ये फुटली. डीएनएतील एकाच अक्षराच्या फरकाला एसएनपी म्हणतात. अशा सुमारे सात हजार स्थानांची एकाच वेळी तपासणी करणारी चिप वापरून स्टेन कार्लसन आणि सहकाऱ्यांनी १२ संवर्धित व १३ वन्य गटांची तुलना केली आणि साठ स्थाने अशी शोधली की ती एकत्र घेतल्यास नदी कोणतीही असो, दोन्ही बाजूंतील भेद दिसावा. पैदाशीचे शास्त्र ज्या आनुवंशिक ज्ञानावर उभे होते, त्याच ज्ञानाने आता त्या पैदाशीचे नदीतील परिणाम मोजता येऊ लागले.

या मोजमापाला आधाररेषा मात्र हवी होती आणि ती जुन्या पाकिटांनी पुरवली. मत्स्यशेतीचा प्रसार होण्यापूर्वीच्या खवल्यांतून डीएनए काढून त्या नदीचा मूळ नमुना निश्चित करता आला आणि आजच्या माशांशी त्याची तुलना शक्य झाली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १४७ नद्या तपासल्या गेल्या. पुरेसे नमुने असलेल्या १०९ नद्यांत संवर्धित वंशाचे सरासरी प्रमाण ६.४ टक्के होते, ते शून्यापासून ४२.२ टक्क्यांपर्यंत बदलत होते आणि ५१ नद्यांत मिसळ निःसंशय आढळली. पुढच्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासाने दाखवले की अशी मिसळ झालेल्या नद्यांत सॅमनचे वयात येण्याचे वय व आकारमान बदलले आहे.

धोरणावर या निष्कर्षांची छाया पडली. वन्य सॅमनसाठी नॉर्वेने २०१३ मध्ये जे गुणवत्ता-मानक लागू केले, त्यात माशांच्या संख्येबरोबर जनुकीय शुद्धता हाही निकष धरला गेला आणि २०१५ पासून नद्यांतील निसटलेले मासे काढण्याचा खर्च मत्स्यशेती उद्योगावर टाकण्यात आला.

सुन्दाल्सोराच्या या परंपरेचा एक धागा भारतातही पोहोचला. भुवनेश्वरजवळील कौसल्यागंगा येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने १९९२ मध्ये याच नॉर्वेजियन केंद्राच्या सहकार्याने रोहूच्या निवड-पैदाशीचा कार्यक्रम सुरू केला. त्यासाठी गंगा, यमुना, गोमती, सतलज आणि ब्रह्मपुत्रा या पाच नद्यांतील रोहू आणले गेले आणि स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, १९९७ मध्ये, ‘जयंती’ हे वाण प्रसारित झाले. दख्खनच्या जलाशयांत रोहूचे बीज मुळात बाहेरूनच आणून सोडले जात असल्याने तेथे वंशमिसळीचा प्रश्न तितका बिकट नाही. पण ज्या खोऱ्यांत रोहू मूळचा आहे, तेथे सुधारित वाण तळ्यांतून नदीत उतरले तर नॉर्वेचाच प्रश्न वेगळ्या पाण्यात उभा राहील आणि त्याचे उत्तर वाण पसरण्यापूर्वीचे नमुने कोणी जपले आहेत की नाही यावर अवलंबून असेल.

संवर्धित आणि वन्य हा भेद आरंभी माशाच्या अंगावर दिसणारा होता आणि प्रश्न ‘हा मासा कोणता?’ असा होता. अर्ध्या शतकात तो ‘या नदीत किती?’ असा झाला. एकेका माशाच्या बाबतीत, विशेषतः त्याचे पूर्वज काही पिढ्यांपूर्वी मिसळले असतील तर, जनुकशास्त्रही निर्विवाद निवाडा देऊ शकत नाही; समूहाच्या बाबतीत मात्र ते भरवशाचे प्रमाण सांगते. म्हणून किती टक्के मिसळ खपवून घ्यायची हा प्रश्न प्रयोगशाळेकडून कायद्याकडे आणि समाजाकडे आला आहे. प्रयोगशाळेने त्याला एक आकडा दिला. मर्यादा कोठे आखायची, हे तो आकडा सांगत नाही.