दारातली गंज

धारा काढून, शेणघाण आवरून रेडिओपाशी बसलेल्या सगळ्या ताया, मावश्या, काकू आणि सुनांना आमच्या गटाचा रामराम.

रब्बीची पेरणी तोंडावर आली आहे. घराघरात बियाण्याची बोलणी चालू आहेत. एकरी किती पोती पडतील, हे सगळे विचारतात. पेंढ्या किती पडतील, हे मात्र कुणी विचारत नाही. उन्हाळ्यात गव्हाण रिकामी झाली की वैरण शोधत फिरायचं कुणी? आपणच. म्हणून आज आम्ही कडब्याचा इतिहास सांगायला बसलो आहोत. तो ऐकल्यावर बियाण्याच्या बोलण्यात आपणही दोन शब्द बोलावेत, एवढीच इच्छा आहे.

आमच्या सासवा सांगायच्या, पूर्वी मुलगी द्यायची तर दारातली कडब्याची गंज बघून यायचे. गंज मोठी म्हणजे गोठा भरलेला. गोठा भरलेला म्हणजे शेत वेळेवर नांगरलं जाणार, शेणखत पडणार, पोरांना ताक मिळणार. ज्वारी पोटाला आणि कडबा दावणीला, असा एका ताटावर सगळा संसार उभा होता.

तो कसा कोसळतो, हे 1876 साली दिसलं. त्या वर्षी पाऊस गेला आणि पुणे, नगर, सातारा, सोलापूर हा सगळा पट्टा 1878 पर्यंत दुष्काळात होरपळला. सोलापूरला रेल्वे 1860 सालीच आली होती. धान्याची पोती गाडीत घालून आणता येत होती. पण कडबा पडला हलका आणि जागा खाणारा. तो लांबून आणणं कुणाला परवडणार? माणसं खडी फोडायच्या कामावर गेली, बैल दावणीलाच बसले. पुढं पाऊस पडला तेव्हा औताला जोडायला जनावर नाही, अशी कितीतरी घरं होती. बैल घ्यायला सावकाराकडं जायचं आणि सावकाराकडं जमीन गहाण पडायची. दुष्काळ संपला तरी घर उठायला वर्षं लागायची, ती अशी.

त्यातच 1878 साली जंगलाचा नवा कायदा आला. महात्मा जोतीराव फुल्यांनी 1883 साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये याची तक्रार आहे. जंगल खात्यानं चराईची रानं ताब्यात घेतली, त्यामुळं लहान शेतकऱ्याला दोन गुरं आणि चार शेळ्या पाळणंही अवघड झालं, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. चरायला रान उरलं नाही, की गंजीवरचा भार वाढतो.

आता मालदांडीची गोष्ट. आपल्या सोलापूर जिल्ह्यातच मोहोळच्या संशोधन केंद्रावर, इंग्रजांच्या काळात, गावरान मालदांडीतून निवडून एक वाण तयार झाला. त्याचं नाव एम 35-1. काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर ही ज्वारी येते. दाणा मोत्यासारखा, भाकरी गोड, ताट उंच, आणि कडबा असा की जनावर फारसं मागं टाकत नाही. एवढी वर्षं झाली, नवे वाण आले, तरी मालदांडी अजून पेरली जाते. 2016 साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, ती हीच मालदांडी.

स्वातंत्र्यानंतर देशाला धान्याची चणचण होती. 1964 साली देशातली पहिली संकरित ज्वारी आली, सीएसएच-1. ती खरिपाची. बुटकी, लवकर येणारी आणि कणीस भरगच्च. विदर्भ, मराठवाडा, खानदेशात तिच्यासारख्या वाणांनी पोती वाढवली. भुकेच्या त्या दिवसांत हे मोठंच काम झालं, ते नाकारायचं नाही. पण ताट बुटकं झालं तशी वैरण कमी झाली. काढणीच्या वेळी पाऊस लागला की दाणा काळा पडू लागला. शास्त्रज्ञांनी दाणा मोजला होता. कडबा मोजायचा तर गोठ्यात राबणाऱ्या बायकांना विचारावं लागलं असतं. ते तेव्हा राहून गेलं. आपल्या रब्बीच्या पट्ट्यासाठीही पुढं संकरित वाण आले, पण मालदांडीला ते हटवू शकले नाहीत. त्याला भाकरीइतकंच कडब्याचंही कारण आहे.

1972 चा दुष्काळ तुमच्यातल्या काहीजणींनी पाहिला आहे. माणसांसाठी परदेशातून लाल मिलो आली, दुष्काळी कामांवर सुकडी मिळाली. गुरांसाठी जहाजातून काही आलं नाही. शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट पुन्हा घडली.

त्याच सुमारास, 1970 पासून, दुधाचा महापूर योजना सुरू झाली. उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी 1967 साली संस्था काढून संकरित गाईंचं काम गावोगावी नेलं. दुधाचा पैसा घरात येऊ लागला. पण दहा-बारा लिटरच्या गाईला गावरान गाईएवढ्या वैरणीवर कसं भागणार? गोठ्यात तोंडं वाढली, खाणं वाढलं, आणि रानातली ज्वारी मात्र घटत गेली. 1980 च्या दशकात महाराष्ट्रात 60 लाख हेक्टरांच्या आसपास ज्वारी होती. आज ती निम्मीही नाही. त्या जागी ऊस आला, सोयाबीन आलं.

हा बदल अभ्यासकांच्याही लक्षात आला. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेनं 1975 पासून आपल्या जिल्ह्यातल्या शिरापूर आणि कलमण या गावांत घरोघरचे हिशेब नोंदवले. अशा अभ्यासांतून दिसलं, की दाण्याच्या मानानं कडब्याचा भाव चढत चालला आहे आणि शेतकरी वाण निवडताना कडबाही बघतो. आपल्या सासवांना माहीत असलेली गोष्ट कागदावर यायला एवढा काळ गेला.

मग आल्या चारा छावण्या, 2013 ला आणि पुन्हा 2019 ला. आमच्यातल्या काहीजणी जनावरांबरोबर छावणीतच राहिल्या. तिथं मुख्य चारा उसाचा. उसानं जनावर जगतं, पण नुसत्या उसावर ते नीट पोसत नाही. उसातल्या आणि वाढ्यातल्या ऑक्झलेटमुळं अंगातलं कॅल्शियम कमी होतं. म्हणून खनिज मिश्रण द्यावं लागतं. घरी परत आल्यावर कितीतरी गाई आटल्या होत्या, माजावर येत नव्हत्या. छावणी म्हणजे जीव वाचवायची सोय. गंजीची जागा ती घेऊ शकत नाही.

कडब्याचीही एक उणीव सांगायला हवी. त्यात प्रथिनं फार कमी, शेकडा तीन-चारच्या आसपास. नुसत्या कडब्यावर कालवड वाढत नाही. पूर्वी कडब्याबरोबर बांधावरचं गवत, तुरीचं-हरभऱ्याचं भुसकट आणि पेंडीचं आंबोण असायचं. आज लसूणघास, चवळी, शेवरी, हादगा यांतलं काहीतरी जोडीला हवंच. आणि कडबा कुट्टी करूनच द्यावा. अख्ख्या पेंढीतलं बरंच पायाखाली जातं.

आता या बैठकीत एक हिशेब करू या. एका गाईला रोज 5 किलो कडबा धरला तरी वर्षाला 1800 किलोंच्या वर लागतो. घरची एक पेंढी वजनकाट्यावर ठेवा. किती पेंढ्या लागतील ते काढा, जनावरांच्या संख्येनं गुणा. मग घरात विचारा, की यंदा जे बी पेरणार त्याचा कडबा एवढा निघेल का? निघणार नसेल तर निदान एक तुकडा मालदांडीचा, किंवा कडबाही चांगला देणाऱ्या फुले वसुधा, परभणी मोती यांसारख्या वाणाचा ठेवायचा का?

ज्वारी उपटायला आपण असतो, कणसं खुडायला आपण, पेंढ्या बांधायला आपण, वैरण टाकायलाही आपणच. बियाण्याची पिशवी आणायला मात्र आपल्याला कुणी विचारत नाही. यंदा विचारायची वाट बघू नका. पेंढ्यांचा आकडा हातात घ्या आणि बोला.

पुढच्या वेळी तुमच्या गटाचा आकडा आम्हाला नक्की कळवा. रामराम.