जेम्स कौंटीचे 953 आणि 78

वर्गात ‘जिल्हा’ शब्द आला की मी दोन मिनिटे जास्त घेतो. मूळ अरबी शब्द ‘ज़िलअ’, अर्थ बरगडी किंवा बाजू. तोच उर्दूतून मराठीत आला. मुलांना बरगडी लक्षात राहते. यंदा एका मुलीने विचारले, “सर, दोन जिल्हे परत एक करता येतात का?”

माझ्या डोक्यात आधी वसमत आले. 1 मे 1999 ला परभणीचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा झाला आणि आमचा तालुका तिकडे गेला. बी.एड.च्या अर्जावर मी परभणी लिहिले होते, नोकरीच्या अर्जावर हिंगोली. गोव्याला 1967 साली विचारले, तेव्हा त्यांनी महाराष्ट्रात यायला नकार दिला. आम्हाला कोणी विचारले नाही; आपल्याकडे जिल्ह्याची हद्द सरकार अधिसूचना काढून बदलते.

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात मात्र विचारावे लागले. तिथे जिल्ह्याला कौंटी म्हणतात. 1870 साली हॅमिल्टन कौंटीचे मुख्य ठिकाण हॅरिसनहून चॅटनूगाला हलवले. पूर्वेकडचे लोक नाराज झाले. कचेरी लांब गेली की काय होते, ते आपल्याला वेगळे सांगायला नको. 1871 मध्ये हॅमिल्टन आणि ब्रॅडली या दोन कौंट्यांचे भाग तोडून जेम्स कौंटी निघाली. तिचे ठाणे उल्टेवा. (मराठी कानाला ‘उलटवा’ ऐकू येते, आणि पुढे झालेही तसेच.)

कौंटी लहान, करातून येणारे उत्पन्न तुटपुंजे. 1890 मध्ये विधिमंडळाने कायदा करून ती बरखास्तच केली. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि कायदा घटनाबाह्य ठरला. टेनेसीच्या घटनेत कौंटीचा तुकडा काढून दुसरीकडे द्यायलाही त्या तुकड्यातल्या दोन तृतीयांश मतदारांची संमती लागते. तिथे अख्खी कौंटी वरच्या वर पुसायची?

मग 29 वर्षांनी नीट वाटेने काम झाले. एप्रिल 1919 मध्ये विधिमंडळाने विलीनीकरणाचा कायदा केला, पण शेवटचा शब्द जेम्सच्या मतदारांवर सोडला. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. कौंटी हे राज्याचे लेकरू. लोकांना वाटले म्हणून ती आपोआप दुसरीत जात नाही, त्यासाठी राज्याचा कायदा लागतोच. 11 डिसेंबर 1919 ला मतदान झाले. विलीनीकरणाच्या बाजूने 953, विरोधात 78. म्हणजे सुमारे 92 टक्के लोकांनी आपलीच कौंटी संपवायला होकार दिला.

कौल मिळाला म्हणजे काम संपले, असे नाही. खरी किचकट कामे त्यानंतरची. अशा वेळी निकाल अधिकृतपणे नोंदवायचा, विलीनीकरण कोणत्या दिवसापासून लागू ते ठरवायचे, खरेदीखतांची दप्तरे हलवायची, चालू खटले दुसऱ्या कोर्टाकडे सोपवायचे, पदे रद्द करायची, कर एका दराने लावायचा. आणि कर्ज? बुडणारी कौंटी मेली की सावकारही बुडाला, असे तिथे चालत नाही. कराराचे बंधन सैल करणारा कायदा राज्याने करू नये, असे अमेरिकेची घटना सांगते. विस्कॉन्सिन राज्यात एक गाव मोडून त्याचा प्रदेश शेजारच्या गावांना जोडला होता. त्या खटल्यात देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1879 च्या सत्रातच ठरवले, की ज्यांना जमीन मिळाली त्यांनी जुने कर्जही वाटून घ्यावे. वारसाला शेत हवे आणि देणे नको, हे आपल्या गावातही कोणी ऐकून घेत नाही.

मुलीला मी फळ्यावर 953 आणि 78 लिहून दाखवले. तिचा पुढचा प्रश्न त्या 78 जणांबद्दल होता. “त्यांचाही जिल्हा गेला ना, सर?” गेला. उल्टेवामध्ये जेम्स कौंटीची 1913 ची कोर्टाची इमारत अजून उभी आहे. कौंटीचे कोर्ट म्हणून तिने जेमतेम सहा वर्षे काढली.