सतरा मजली धर्मशाळा

श्रोतेहो, परगावी निघालेल्या माणसाला पहिली काळजी कशाची असते? पोटाची नव्हे. भाकरी फडक्यात बांधून नेता येते. खरी काळजी रात्रीची. दिवस मावळल्यावर पाठ कुठे टेकायची? ओळखीचे कुणी नाही, खिशात मोजके पैसे, आणि उशाला घेतलेले गाठोडे सकाळी जागेवर असेल याची खात्री नाही. ही काळजी ज्याने केली आहे, त्याला आजची हकीकत परकी वाटणार नाही. घडली मात्र ती फार लांब, हाँगकाँग शहरात.

हाँगकाँगचा एक भाग बेटावर आहे, दुसरा खाडीपलीकडच्या किनाऱ्यावर. या किनाऱ्याकडच्या भागाला कौलून म्हणतात. तिथल्या नाथन रोड या हमरस्त्यावर एक इमारत उभी आहे, तिचे नाव चुंगकिंग मॅन्शन्स. १९६१ साली ती बांधून पुरी झाली. उंची सतरा मजले. खाली दुकानांची दाटी, आणि तिच्यावर ए, बी, सी, डी, ई असे पाच उभे भाग. पंचांगुळी हात तळव्यावर उभा धरावा, तशी तिची ठेवण.

आरंभी ही घरे राहण्यासाठी होती. मग तिथे लॉज कसे आले? कारणे साधी आहेत. बोटीचा धक्का पायी जाण्याजोगा, आणि १९९८ पर्यंत विमानतळही कौलूनमध्येच. प्रवासी दाराशीच येत होता. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. या इमारतीला एक धनी नाही. शेकडो गाळ्यांचे शेकडो मालक. एकाने आपल्या घरात फळ्यांच्या भिंती घालून पाच-सहा खोल्या केल्या, शेजाऱ्याने खानावळ काढली, त्याच्या पलीकडे शिंप्याचे यंत्र चालू झाले. कुणी कुणाला विचारायचे? सारी इमारत एकदम पाडून नवी करायची, तर एवढ्या लोकांचे एकमत व्हायला हवे. ते जुळणे कठीण. म्हणून आजूबाजूला जागेचे भाव आभाळाला भिडले, तरी ही इमारत जुनी राहिली आणि स्वस्त राहिली.

आपल्या देशाचाही या परिसराशी जुना संबंध आहे. जवळच आज जिथे मोठी बाग आहे, तिथे इंग्रजी अमदानीत पलटणीच्या बराकी होत्या, आणि त्यांत हिंदी शिपाई राहत. त्यांच्यातल्या मुसलमान शिपायांसाठी १८९६ साली तिथे मशीद बांधली गेली. पुढे या इमारतीत हिंदी, पाकिस्तानी, नेपाळी माणसांनी दुकाने आणि खानावळी थाटल्या. चिनी शहराच्या मधोमध फोडणीचा वास येतो, तो असा.

आता पाहुणा म्हणून आत जाऊ या. दारातच माणसे गाठतात, ‘खोली हवी का?’ मग लिफ्टपुढची रांग. प्रत्येक भागाला दोन लहान लिफ्ट, एक सम मजल्यांवर थांबणारी, दुसरी विषम. वर गेले की खोली एवढीशी, की खाटेवर बसल्या बसल्या समोरच्या भिंतीला हात लागावा. न्हाणीघरात संडास आणि अंघोळीचे पाणी एकाच हातभर जागेत. खिडकी असली तर ती इमारतीच्या पोटातल्या अंधाऱ्या बोळावर उघडते. पण दार लावता येते, आणि पाठ टेकते.

१९७० नंतरच्या काळात पाठीवर बोचके टाकून जग पाहायला निघालेले तरुण इथे उतरू लागले. पुढे आफ्रिकेतले लहान व्यापारी आले. गॉर्डन मॅथ्यूज नावाचे मानववंशशास्त्राचे प्राध्यापक २००६ पासून काही वर्षे इथल्या लॉजमध्ये वरचेवर मुक्काम करीत. लॉजच्या वह्या चाळून त्यांनी १२९ देशांचे पाहुणे मोजले. त्या सुमारास सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत वापरात असलेल्या मोबाइल फोनपैकी वीस टक्क्यांपर्यंत फोन या एका इमारतीतून गेले असावेत, असा त्यांचा अदमास होता. मोठ्या कंपन्यांचा माल बोटींनी जातो. या गरीब व्यापाऱ्यांचा माल पिशव्यांतून गेला. स्वस्त खोली नसती, तर हा व्यापारी हाँगकाँगला टिकलाच नसता.

पण स्वस्ताईची दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. शेकडो मालक असले, की सामाईक जिना कुणाचाच नसतो. बोळात कचरा साचतो, तारांवर तारा चढतात. १९८८ च्या फेब्रुवारीत इथे आग लागली आणि डेन्मार्कहून आलेल्या एका प्रवाशाचा प्राण गेला. १९९३ साली वीज गेली, ती कित्येक दिवस आलीच नाही. सतरा मजली इमारतीत वीज नाही म्हणजे लिफ्ट नाही, हे सांगायला नको. मधल्या काळात, १९९१ साली, हाँगकाँग सरकारने लॉजसाठी परवान्याचा कायदा केला. आगीची व्यवस्था नीट असेल, तरच परवाना. पुढे इमारतीच्या मालकांच्या मंडळाने पहारेकरी आणि कॅमेरे आणले. बदनामी पूर्वीइतकी राहिली नाही.

श्रोतेहो, अशी जागा पाहिली की कुणी म्हणतो, ‘ही घाण पाडून टाका.’ कुणी म्हणतो, ‘गरिबाची सोय आहे, नियम कशाला?’ दोघेही अर्धेच बोलतात. पाडली, तर थोड्या पैशांत जग गाठणाऱ्याची वाट बंद होते. नियम सोडले, तर त्याच पाहुण्याचा जीव जातो. खोली लहान असली तरी चालेल, पण जिना मोकळा हवा.

गुरुजींनी वर्गात पृथ्वीचा गोल फिरवून हाँगकाँग दाखवले, तर तिथल्या उंच इमारतींबरोबर ही इमारतही सांगावी. जग जवळ आले ते मोठ्या बोटींनी आणि विमानांनी, हे खरे. पण हातात पिशवी घेऊन आलेल्या माणसाला कुणीतरी रात्रीपुरती खाट दिली, म्हणूनही ते जवळ आले.